घर बांधून झालं, विटा उरल्या. आता यांचं काय करायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यात गावी आमचं घर एकदाचं बांधून झालं, वास्तुशांतही आटपली. आता अंगणात उरलेल्या विटांचा ढीग आहे आणि घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं, म्हणून इथे विचारतेय. अख्ख्या लाल विटा सातशेच्या आसपास असतील, ९×४×३ इंचांच्या, कराडकडच्या भट्टीच्या. अद्धे आणि पाऊण तुकडे वेगळे पडलेत. शिवाय नुसता रोडा, म्हणजे अगदी बारीक तुकडे, तो अर्धी ट्रॉली तरी भरेल. थोड्या फ्लायॲशच्या, म्हणजे राख-सिमेंटच्या विटाही आहेत, त्या बाथरूमच्या पार्टिशनसाठी आणल्या होत्या.
ज्यांच्याकडून घेतल्या ते म्हणतात परत घेणार नाही, भराई-उतराईच परवडत नाही. सासरे म्हणतात राहू देत, पुढे माडी चढवताना कामाला येतील. मिस्टर म्हणतात मिळेल त्या भावात विकून टाकू. मला मात्र मागच्या पाऊण गुंठ्यात काहीतरी उपयोगाचं करावंसं वाटतंय. जमीन काळी आहे. पाऊस महिन्यावर आलाय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

अबोली
अभिनंदन ताई! घराचे फोटो टाका ना. आम्ही उरलेल्या विटांवर फळ्या टाकून पुस्तकांची मांडणी केली होती, एक खिळा लागला नाही, मस्त दिसते. पण सातशे विटांची मांडणी काही होणार नाही :)

पाटील_सातारकर
माझं सरळ मत, पाऊस पडायच्या आत काय ते करा. "राहू देत, कधीतरी लागतील" म्हणून ठेवलेल्या विटा कधी लागत नाहीत हे मी गावोगाव बघतोय, दहा वर्षांची थप्पी तशीच असते, तिच्यावर शेवाळ चढतं, कडेनं गवत माजतं आणि मग विंचू नाहीतर घोणस निघते तेव्हा सगळे जागे होतात. उंदीर थप्पीत घर करतात आणि उंदरामागे साप येतो, हे ठरलेलं. घरात लहान मुलं असतील तर अजून एक सांगतो, मोकळी रचलेली उंच थप्पी मुलं चढली की कोसळते. चार फुटाच्या वर रचू नका आणि घराच्या भिंतीला चिकटवून तर मुळीच नको, भिंतीला ओल धरते आणि वाळवीला जिना मिळतो.

इंजि_वऱ्हाडी
आधी विटांची निवड करा मग वापर ठरवा. सगळे लोक उलटं करतात, आधी ठरवतात चौथरा बांधायचा, आणि मग हाताला येईल ती वीट लावतात. उरलेल्या मालात नेहमीच वाईट विटा जास्त असतात कारण गवंडी चांगल्या चांगल्या उचलून आधी लावून टाकतो. त्यामुळे सातशेपैकी पक्क्या किती हे मोजल्याशिवाय पुढची चर्चा फुकट आहे.
घरच्या घरी तपासायचं असं. दोन विटा एकमेकींवर हलक्या हाताने आपटा, टण्ण असा खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली, बद्द आवाज आला तर कच्ची किंवा आतून तडकलेली. नखाने ओरखडा काढा, उमटला तर कच्ची. तीन-चार फुटांवरून वीट आडवी सोडा, साध्या जमिनीवर पडून फुटली तर ती बांधकामातली नाही. आणि शंका असेल तर दोन-चार विटा कोरड्या वजन करून २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. वजन २० टक्क्यांच्या वर वाढलं तर ती वीट फार पाणी पिते, साध्या विटेसाठी भारतीय मानकाची मर्यादा तेवढीच आहे. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली की बाजूला काढा.
मग तीन ढीग करा. एक पक्क्या अख्ख्या. दुसरा अद्धे आणि जास्त भाजलेल्या वेड्यावाकड्या काळपट खंगर विटा. तिसरा पिवळट कच्च्या आणि रोडा. या तीन ढिगांचे उपयोग पूर्ण वेगळे आहेत.

रानजाई
हे फारच कामाचं सांगितलंत. उद्याच बसते मुलांना घेऊन. खंगर विटा बऱ्याच आहेत, गवंड्याने त्या एका कोपऱ्यात टाकूनच दिल्या होत्या. त्या टाकून द्यायच्या का?

इंजि_वऱ्हाडी
अहो नाही! खंगर म्हणजे भट्टीत आगीजवळ जास्त भाजलेली वीट. वाकडी असते म्हणून भिंतीत लाईनीत बसत नाही आणि पाणी कमी पिते म्हणून सिमेंट तिला नीट धरत नाही, एवढाच तिचा दोष. पण पाण्यात विरघळत नाही, लोणा लागत नाही म्हणजे क्षार फुटून पोपडे येत नाहीत, जमिनीत वर्षानुवर्षं राहते. शोषखड्ड्यात भरायला, वाफ्याच्या कडेला, पायवाटेच्या खाली, जिथे जिथे ओल आहे तिथे खंगरच लावायची. तुमच्याकडचा सगळ्यात टिकाऊ माल तो आहे.

वाऱ्यावरचा
मिस्टरांचं पण ऐका जरा. विकणं वाईट नाही. आमच्याकडे अशा विटा तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्या की दोन दिवसांत कोणीतरी ट्रॉली घेऊन येतं, अर्ध्यापेक्षा थोडा कमी भाव मिळतो. "भराई घेणाऱ्याची" हे आधीच स्पष्ट लिहायचं. गोठ्याची दुरुस्ती, पाण्याच्या टाकीचा चौथरा, कोंबड्यांची खोली, असल्या कामाला लोक शोधतच असतात.

सविता_माणदेशी
विकण्यापेक्षा मी एक सुचवू? गावात कोणाचं घरकुल चालू आहे का बघा. सरकारी घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं, बांधावं लागतं. स्लॅबपर्यंत पैसे संपतात आणि मग बायकांची न्हाणी तशीच राहते, चार बांबू आणि साडीचा आडोसा. मी हे आमच्या भागात इतक्या ठिकाणी बघितलंय. तीनशे-चारशे विटांत एक न्हाणी उभी राहते. तुमच्या त्या विटांना पाचशे-हजार रुपये जास्त मिळण्यापेक्षा एखाद्या पोरीला दार लावून अंघोळ करता आली तर ते फार मोठं आहे. पण देताना पक्क्या विटा द्या, कच्च्या नकोत. द्यायच्या तर चांगल्या द्यायच्या.

पाटील_सातारकर
सविता ताई, शंभर टक्के. त्यात दोन खड्ड्यांच्या संडासाचंही धरा. त्याच्या खड्ड्यांना आतून विटांची जाळीची चिनाई लागते, म्हणजे विटांच्या मध्ये फटी सोडत जायचं, पाणी जमिनीत मुरतं. तळ मोकळा ठेवायचा. एक खड्डा भरला की दुसरा सुरू, पहिल्यातला मैला दोनेक वर्षांत निर्धोक कोरडं खत होतो.

कोकणी_माणूस
आमच्याकडे विटांचं कमीच, सगळं जांभ्या चिऱ्याचं काम. पण चिरे उरतात तेव्हा आम्ही गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत घालतो, सिमेंट नाही काही नाही, नुसती रचाई. विटेचा असा सुका गडगा उभा राहील का? की वीट हलकी पडते?

इंजि_वऱ्हाडी
नाही उभा राहणार. चिरा मोठा आणि जड असतो, आपल्या वजनावर बसतो. वीट तीनच किलोची. सुकी रचाई दीड-दोन फुटांपर्यंत वाफ्याला ठीक, त्यावर नको.
आणि कंपाऊंडचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो, उरलेल्या विटांत बसतंय म्हणून चार इंची लांबच लांब भिंत उभी करू नका. आठ-दहा फुटांवर नऊ इंची खांब घ्यावेच लागतात आणि पाया काळ्या मातीच्या खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर उथळ पायाची भिंत वर्षा-दोन वर्षांत वाकते. वादळात अशाच भिंती पडतात, आणि शेजारी नेहमी मुलं खेळत असतात.

अबोली
मग गच्चीवर रचून ठेवल्या तर? साप पण नाही, ओल पण नाही.

इंजि_वऱ्हाडी
गच्चीवर अजिबात नको!! घराच्या स्लॅबचं डिझाईन करताना माणसं-सामान यांच्यासाठी गच्चीला प्रति चौरस मीटर साधारण दीडशे किलो आणि खोल्यांना दोनशे किलो धरतात. विटांची एक मीटर उंच थप्पी म्हणजे प्रति चौरस मीटर दीड टनाच्या आसपास. दहापट. नव्या घराच्या स्लॅबला असला भार देऊन वरून "काही होत नाही" म्हणणारे लोक मला माहीत आहेत, तडे दिसायला लागतात तेव्हा फोन करतात. बाल्कनीत तर विचारही करू नका. सातशे विटा म्हणजे दोन टन वजन आहे हे लक्षात ठेवा.

रानजाई
बापरे, बरं झालं सांगितलंत, सासऱ्यांचा तोच बेत होता. त्यांना वाचून दाखवलं.

हिरवा_चाफा
मी शेतीवाली आहे म्हणून माझा सल्ला शेतीच्या अंगानेच येणार. रानजाई, तुम्ही नाडेपचा हौद करा, म्हणजे कंपोस्ट खताचा विटांचा हौद. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच नाडेप म्हणतात, आणि आज देशभर वापरतात. मूळ मापाचा हौद आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंत नऊ इंची. विटा मातीच्या चिखलात रचायच्या, सिमेंट फक्त वरच्या थराला, म्हणजे कडा ढासळत नाहीत. खालचे दोन थर सलग, मग तिसऱ्या थरात विटांमध्ये सात-सात इंचांची भोकं सोडायची, पुन्हा दोन थर सलग, पुन्हा भोकं. ही भोकंच महत्त्वाची, हवा आत खेळते म्हणून खड्ड्यातल्या शेणखतासारखं कुजून वास मारत नाही.
भरताना पालापाचोळा, धसकटं, तण यांचा अर्ध्या फुटाचा थर, त्यावर १२५ ते १५० लिटर पाण्यात चार-पाच किलो शेण कालवून शिंपडायचं, त्यावर ५०-६० किलो चाळलेली कोरडी माती. असे थर चढवत हौदाच्या वर दीड फूट शिगोशीग न्यायचे, आणि वरून माती-शेणाने लिंपून टाकायचं. दोन-तीन आठवड्यांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. एवढ्या मोठ्या हौदाला शंभर किलोच शेण लागतं! एका म्हशीच्या घरालासुद्धा जमतं.

इंजि_वऱ्हाडी
हिरवा_चाफा, पद्धत एकदम बरोबर. फक्त विटांचा हिशोब सांगतो. भिंतीची मधली लांबी चारही बाजू मिळून ३५ फूट, गुणिले पाऊण फूट जाडी, गुणिले ३ फूट, म्हणजे जवळपास ७९ घनफूट. घनफुटाला १२-१३ विटा धरल्या आणि भोकं वजा केली तरी हजाराच्या आसपास जाते. तळाला विटा टाकल्या तर अजून. म्हणजे ताईंच्या सातशेत पूर्ण मापाचा होत नाही. आत ६×४ चा केला तर बसेल. तळाला रोडा ठोकून टाका, अख्ख्या विटा वाचतील.

रानजाई
आमच्याकडे आता जनावरं नाहीत, दीराकडे आहेत. कल्पना आवडली पण पाऊण गुंठ्यात हौद, त्याची माती, पाचोळा, जागा फार जाईल असं वाटतंय. मला भाजी ठेवायचा प्रश्न जास्त आहे. आठवड्याच्या बाजारातून आणलेली पालेभाजी उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी माना टाकते, आणि शेतातली वांगी-टोमॅटो पाटीभर आली की फ्रीजमध्ये मावत नाहीत.

हिरवा_चाफा
अगं मग तुझं काम झालं! शून्य ऊर्जा शीतकक्ष कर. माझ्या माहेरी सांगोल्याकडे केलाय, आईचा जीव आहे त्याच्यावर. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात हे तंत्र तयार झालं, आणि लागतात किती विटा माहितीये, चारशेच्या आसपास. वीज नाही, मशीन नाही.
करायचं असं. सावलीची, वारा खेळती आणि पाणी न तुंबणारी जागा बघायची. विटांचा सलग तळ टाकायचा, बाहेरून साडेपाच फूट बाय पावणेचार फूट. त्यावर कडेने दोन भिंती उभ्या करायच्या, एकीच्या आत दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये तीन इंचांची फट. उंची सव्वादोन फूट. त्या फटीत नदीची धुतलेली वाळू भरायची. वर बांबू आणि वाळलेलं गवत किंवा गोणपाटाचं झाकण, आणि सगळ्यावर छोटं छप्पर, ऊन थेट पडता कामा नये. सुरुवातीला विटा, वाळू, झाकण सगळं भिजेपर्यंत पाणी घालायचं, नंतर सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं. बाहेरचा वारा लागून ते पाणी उडतं आणि आतली उष्णता घेऊन जातं, मातीच्या माठात पाणी गार होतं तसंच. उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश कमी तापमान राहतं आणि आत ओलावा ९० टक्क्यांपर्यंत, म्हणून भाजी सुकत नाही. शंभर किलोपर्यंत माल मावतो. आईकडे टोमॅटो, वांगी, कोथिंबीर, दुधाचं पातेलंसुद्धा आत असतं. भाजी मात्र प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये ठेवायची, थेट ओल्या विटेवर नको, बुरशी येते. कांदा-बटाटा-लसूण यांची ही जागा नाही, त्यांना कोरडी हवा लागते.

इंजि_वऱ्हाडी
यात माझी एक भर. इथे घट्ट भाजलेली खंगर चालणार नाही. वीट जितकं पाणी पिईल आणि सोडेल तितका गारवा. त्यामुळे मध्यम भाजणीच्या, थोड्या पाणी पिणाऱ्या अख्ख्या विटा, ज्या मी वर बांधकामातून बाजूला काढायला सांगितल्या, त्या इथे सोनं आहेत. बोटाने भुगा होणाऱ्या मात्र नकोत. आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा मोह होतो लोकांना, तो करू नका, विटेचं तोंडच बंद होतं. फ्लायॲश विटा यात घालू नका.

कोकणी_माणूस
हे आमच्याकडे चालेल का हो? देवगडात.

हिरवा_चाफा
कोकणात हवेतच इतकी आर्द्रता असते की पाणी उडत नाही, फरक फारच थोडा पडेल. हे देशावरचं, मराठवाड्याचं, विदर्भाचं काम. कोरडा उन्हाळा हवा. आमच्याकडेही पावसाळ्यात आई त्याला पाणी घालत नाही, नुसती क्रेट ठेवायची सावलीची जागा म्हणून वापरते.

बोन्सायवाली
बारीक रोड्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. पक्क्या विटेचा रोडा हातोडीने वाटाण्याएवढा फोडा, चाळा, धुळ धुऊन टाका. ॲडेनियम, निवडुंग, ऑर्किड, बोन्साय सगळ्यांना हे फार मानवतं, पाणी धरून ठेवतं आणि मुळांना हवाही मिळते. नर्सरीत हेच पिशवीत भरून चांगल्या किमतीला विकतात. फोडताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला रुमाल हवाच, विटेची धूळ फुप्फुसाला वाईट. सिमेंट चिकटलेला रोडा घेऊ नका.

पाटील_सातारकर
रोड्याचं मोठं काम म्हणजे गच्चीचा कोबा, पाणी गळू नये म्हणून स्लॅबवर घालतात तो थर. ताई, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालंय का?

रानजाई
नाही ना, तेच राहिलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पावसाआधी करू.

पाटील_सातारकर
मग त्याला रोडा बाहेरून आणू देऊ नका, तुमचाच वापरायला लावा आणि बिलातून वजा करून घ्या. ब्रिकबॅट कोबा म्हणजे तेच, आधी स्लॅब स्वच्छ करून सिमेंटची स्लरी, त्यावर भिजवलेले अद्धे-तुकडे उभे रचून सांध्यात सिमेंट-वाळूचा माल, पन्हाळीकडे उतार देत. वरून घोटाई. मग आठवडाभर आळी करून, म्हणजे कडेने मालाचे छोटे बांध घालून, पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली छताला ओल येते का बघायचं. हे पाणी तुंबवणं अनेक जण दोन दिवसांत उरकतात, तुम्ही समोर उभं राहून करून घ्या. तुकडे पक्क्या विटांचेच हवेत, कच्चे घातले की कोबाच स्पंजासारखा पाणी धरतो.

इंजि_वऱ्हाडी
आणि कोब्याचं वजन डिझाईनमध्ये धरलंय ना हे ज्यांनी नकाशा केला त्यांना विचारा. साडेचार इंच सरासरी जाडी म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं. आपल्याकडे बहुतेक इंजिनियर धरतात, पण विचारायला एक फोन लागतो. माडी चढवायचा विचार खराच असेल तर कोबा आता करायचा की साधं कोटिंग करून थांबायचं हेही त्यांनाच विचारा, नाहीतर पुढे सगळा फोडावा लागेल.

वाऱ्यावरचा
जो कच्चा माल आणि सिमेंटचा राडा उरेल तो रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्यात टाकू नका ही विनंती. बांधकाम कचऱ्याचे केंद्र सरकारचे नियम आहेत, रस्ता, गटार, नाल्यात टाकायला मनाई आहे. आमच्या ओढ्याचं पात्र अशानेच निम्मं झालंय आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी वस्तीत शिरतं. ग्रामपंचायतीला विचारा, शेतरस्त्याचे खड्डे भरायला मागतात बऱ्याचदा.

सविता_माणदेशी
+१. आणि ताई, अंगणात झाड असेल तर पार बांधा पण बुंध्याला चिकटून सिमेंट नको, चारी बाजूंनी निदान तीन फूट माती मोकळी ठेवा. पार बांधून झाड मारलेलं मला बघवत नाही.

रानजाई
मंडळी, निवड झाली. मुलांनी टणाटण आवाज काढत धमाल केली. पक्क्या अख्ख्या साडेतीनशेच्या आसपास, मध्यम भाजणीच्या चारशेला थोड्या कमी, बाकी खंगर आणि तुकडे. शीतकक्ष करायचं नक्की ठरलं, मध्यम विटा त्याला. आता पक्क्या साडेतीनशेचं, पायवाट करू की सविता ताई म्हणतात तसं देऊ? मागच्या दारापासून नळापर्यंत पावसात नुसता चिखल असतो, तीस फूट तरी अंतर आहे.

इंजि_वऱ्हाडी
हिशोब बघा. वीट आडवी निजवली तर चौरस फुटाला ४ लागतात. कडेवर उभी लावली तर सव्वापाच. तीस फूट लांब, दोन फूट रुंद म्हणजे ६० चौरस फूट, आडव्या २४० विटा. दोन फूट रुंदी एका माणसाला पुरते, बादली घेऊन जाताना अडीच बरी.
काळ्या मातीवर थेट विटा मांडू नका, पहिल्या पावसात वर-खाली होतील. सहा-आठ इंच माती काढून टाका, तळाशी रोडा, त्यावर मुरूम टाकून पाणी मारून धुम्मसाने चांगला ठोका, त्यावर इंच-दीड इंच वाळू किंवा क्रशरची कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून विटा बसवा. दोन्ही कडांना खंगर विटा उभ्या गाडा, म्हणजे मधल्या विटा बाहेर सरकत नाहीत. एका बाजूला हलका उतार. सांध्यात सिमेंट नको, कच झाडूने भरा, पाणी खाली मुरेल आणि एखादी वीट फुटली तर तेवढीच उचलून बदलता येईल. शेवाळ आलं की चुना टाकून ताठ ब्रशने घासा.

पाटील_सातारकर
पायवाट तुकड्यांच्या आणि खंगरांच्या जोरावर होऊ शकते की. अद्ध्यांचं तोंड सारखं करून मधे लावले तर चांगले दिसतात. मग पक्क्या विटा मोकळ्या राहतात.

रानजाई
पाटील दादा, हे सुचलंच नव्हतं. अद्धे भरपूर आहेत. मग पायवाट अद्ध्यांची आणि खंगरांची, आणि पक्क्या विटा गावातल्याच एका घरी देते. त्यांचं घरकुल स्लॅबवर अडकलंय, आजच बोलून आले. त्या काकू म्हणाल्या उद्याच ट्रॅक्टर पाठवते, आणि लगेच न्हाणीची जागा दाखवायला घेऊन गेल्या. मिस्टरांनी पण काही म्हटलं नाही, उलट स्वतः मोजून द्यायला बसणार आहेत.

सविता_माणदेशी
ताई फार बरं वाटलं वाचून. शक्य झालं तर फ्लायॲशच्या विटाही द्या, दाराच्या बाजूच्या आडोशाला चालतील. फक्त चुलीच्या कामाला वापरू नका म्हणावं, सिमेंटची वीट सततच्या जाळाने तडकते. चुलीला लाल वीट आणि माती.

रानजाई
हो सांगते. हिरवा_चाफा, शेवटची शंका, नदीची वाळू आता मिळत नाही हो सहज. कच चालेल का शीतकक्षात?

हिरवा_चाफा
क्रशरची वाळू चालते, पण ती धुऊन घे, तिच्यातली बारीक भुकटी चिखल होऊन बसते आणि पाणी खाली उतरत नाही. वरून फटीत भोकं पाडलेला बारीक पाईप फिरवून बादलीला जोड, थेंब थेंब पाणी पडत राहतं, दोन वेळा शिंपडायची आठवण ठेवावी लागत नाही. आमच्याकडे जुन्या ठिबकची नळी लावलीये. आणि विटा रचायच्या आधी रात्रभर भिजवून घे.